गैरसोयीचा संसार : हिंगण्याच्या माळावरची तीन माणसे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी हयातीत स्वतःविषयी बोलण्याचा प्रसंग शक्यतो टाळला, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहिलेल्या माणसानेही नमनाला घडाभर तेल न घालता विषयाला हात घालावा, हेच औचित्याला धरून होईल. चालकांनी मजकडे जो विषय सोपविला तो ‘प्रतिकूल परिस्थिती आणि मनुष्याचे धैर्य’ असा आहे. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयांची खोड अशी की त्यांच्यावर बोलणारा वक्ता चार सुभाषितांच्या आधाराने तासभर सुखाने तरंगत राहतो आणि श्रोते घरी जाताना रिकाम्या हातांनी जातात. म्हणून मी माझ्यापुरती हद्द आखून घेतली आहे. पुण्याबाहेरच्या हिंगण्याच्या माळावर 1900 साली एक झोपडी उभी राहिली. त्या झोपडीच्या आसपास वावरलेली तीन माणसे, म्हणजे धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे, त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे आणि बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले, एवढ्यांपुरतेच मी आज बोलणार आहे.

आरंभीच एक हरकत नोंदवून ठेवतो. संकटे माणसाला घडवितात, दारिद्र्य ही थोरांची शाळा असते, अशा आशयाची वाक्ये आपण लहानपणापासून इतकी ऐकत आलो आहोत की त्यांची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांतून बालविधवा होत्या. त्यांतील बहुतेकींना संकटाने काहीही घडविले नाही. केशवपन, आलवण, एकवेळचे जेवण, माजघराचा अंधार आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत घरचे राबणे, एवढ्यात त्यांचे आयुष्य संपले, आणि त्यांच्या नावाची नोंद ना कुठल्या दप्तरात राहिली ना कुठल्या आठवणीत. संकट हीच जर शाळा असती तर त्या साऱ्या पदवीधर व्हावयास हव्या होत्या. ज्या थोड्याजणी निभावल्या त्या संकटामुळे निभावल्या नाहीत. संकट असतानाही त्यांना कोठेतरी पाय टेकण्यापुरती जागा मिळाली आणि त्या जागेचा त्यांनी चोख उपयोग केला, म्हणून निभावल्या. ती जागा कोणी केली, कशी केली आणि तिची किंमत कोणी मोजली, हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे.

प्रथम अण्णासाहेब कर्व्यांकडे वळू. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी शेरवली येथे आजोळी झाला आणि बालपण दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी गेले. त्यांच्या चरित्रातील साताऱ्याच्या पायपिटीचा प्रसंग आपणांपैकी प्रत्येकाने क्रमिक पुस्तकात वाचला आहे. 1875 साली सरकारी नोकरीचा दरवाजा उघडणाऱ्या परीक्षेस बसावे म्हणून हा मुलगा काही सोबत्यांसह ऐन पावसाळ्यात, खांद्यावर पडशी टाकून, कुंभार्ली घाटाने शंभराहून अधिक मैल चालत चार दिवसांत साताऱ्यास पोहोचला. आणि परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, तू तर तेवढा दिसत नाहीस, असे म्हणून कमिटीच्या प्रमुखांनी त्याला परत लाविले. वय भरलेले होते. दिसत नव्हते, एवढाच काय तो अपराध. क्रमिक पुस्तके या ठिकाणी मुलांच्या चिकाटीचा धडा गिरवून घेतात आणि थांबतात. मला मात्र त्या चार दिवसांच्या जाण्यापेक्षा येण्याविषयी अधिक कुतूहल वाटते. जाताना पायांत आशेचे बळ असते. तोच घाट, तोच चिखल आणि तेच नाले परतीच्या वाटेवर निराळे होतात. आणि त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. या मुलाने साताऱ्याच्या कमिटीशी हुज्जत घालण्यात वर्ष दवडले नाही, की अन्याय झाला म्हणून परीक्षेचे नावच टाकले नाही. पुढच्या खेपेस तो कोल्हापुरास जाऊन त्याच परीक्षेला बसला आणि उत्तीर्ण झाला. एक दरवाजा बंद असेल तर धडका न देता त्याच वाड्याचा दुसरा दरवाजा शोधावयाचा, ही कर्व्यांची आयुष्यभराची रीत येथे प्रथम दृष्टीस पडते. ती रीत दिपविणारी नाही. काहींना ती भित्रेपणाचीही वाटली आहे, आणि त्या आक्षेपाकडे मी पुढे येणारच आहे.

मुंबईतील त्यांची वर्षे मी झरझर ओलांडतो. मॅट्रिक 1881 मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. 1884 मध्ये, त्यानंतर शिकवण्या आणि शाळांतील तासांवर चाललेला संसार. पहाटे अंधारात घराबाहेर पडावे आणि एका शिकवणीहून दुसरीकडे चालत जावे, असा दिनक्रम. या ओढगस्तीतही मिळकतीचा काही अंश सार्वजनिक कार्यासाठी बाजूला काढण्याचा नेम त्यांनी आणि त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई यांनी पाळला आणि त्यातून पुढे गावासाठी मुरूड फंड उभा राहिला. 1891 मध्ये राधाबाई वारल्या. त्याच वर्षी, टिळक फर्ग्युसन कॉलेजातून बाहेर पडल्याने गणिताची जी जागा रिकामी होती तीवर, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्यास आले. मृत्यू, स्थलांतर आणि नवी जबाबदारी एकाच वर्षात आली. परंतु त्यांच्या लिखाणात या वर्षाविषयी आक्रोश आढळत नाही. त्यांची वृत्तीच मितभाषी. बोलताना ते संकोचत, सभा गाजविणे त्यांना साधत नसे, आणि ज्या काळात वक्तृत्व हीच सार्वजनिक कार्याची सनद समजली जाई, त्या काळात ही उणीव लहान नव्हती. ती त्यांनी भरून काढण्याचा अट्टाहास केला नाही. बोलता येत नसेल तर चालता येते, असा जणू त्यांनी हिशेब केला आणि दारोदार जाऊन वर्गणी मागण्याचे, ज्याला वक्तृत्व लागत नाही पण कातडे जाड असावे लागते, असे काम पत्करले.

11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई ऊर्फ बायांशी, पुनर्विवाह केला. गोदूबाई म्हणजे देवरुखच्या जोशांची कन्या, नातूंच्या घरातील बालविधवा. बंधू नरहरपंत हे मुंबईत कर्व्यांच्या बिऱ्हाडी राहिलेले स्नेही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी त्याच. विवाहानंतर मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड जमविला त्याच गावात त्यांना पंक्तीला बसण्याची मनाई झाली, आणि त्यांना आसरा देईल त्या आप्तालाही वाळीत टाकण्याचा धाक घालण्यात आला. मुलगा दाराशी आलेला असताना आईने त्याला घरात घ्यावे की गावात राहावे, असा पेच त्या माउलीपुढे पडला. गावकी म्हणजे काय चीज होती याची कल्पना आज शहरात भाड्याच्या बिऱ्हाडांतून वाढलेल्या पिढीला येणे कठीण आहे. न्हावी, भट, पाणवठा, लग्नाचे आमंत्रण आणि मर्तिकाचा खांदा, या सर्वांच्या नाड्या तिच्या हाती असत. कर्व्यांनी गावकीविरुद्ध फिर्याद केली नाही की पत्रक काढले नाही. ते पुण्यास परतले आणि त्याच साली विधवाविवाहोत्तेजक मंडळीच्या कामास लागले.

येथे एक वळण येते, आणि माझ्या मते कर्व्यांच्या धैर्याची खरी जात याच वळणावर कळते. पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी हिंडताना त्यांच्या ध्यानात आले की विवाह लावून देता येतील अशा विधवा मूठभर आणि पोटापुरते शिक्षण मिळाले तर उभ्या राहतील अशा विधवा घरोघर आहेत. त्याच 1893 मध्ये, तेव्हा पुण्यात असलेल्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप होऊन पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, आणि स्त्रीशिक्षणाच्या नावानेच जुन्या घरांतील माणसे दचकू लागली होती. अशा वेळी 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली आणि गाठीस असलेली 1,000 रुपयांची शिल्लक तिला देऊन टाकली. परंतु आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन्ही एका जुवाला जुंपली तर दोन्ही मोडतील, हे ओळखून त्यांनी चळवळीतील आपला कारभार सोडला आणि आश्रम तिच्यापासून कटाक्षाने वेगळा ठेवला. स्वतः पुनर्विवाह केलेला माणूस आपल्याच संस्थेत पुनर्विवाहाचा शब्द उच्चारीत नाही, यावर सुधारकांनी नाके मुरडली आणि सनातन्यांचा संशयही पुरता फिटला नाही. हाच तो भित्रेपणाचा आक्षेप. मी त्यात तथ्य नाहीच असे म्हणणार नाही. जुन्या रूढीला न दुखविता तिच्यात राहण्यापुरती जागा करून घेणाऱ्या संस्थेला त्या रूढीचे काही भाडे भरावेच लागते, आणि आरंभीचा आश्रम बहुतांशी ब्राह्मण विधवांपुरता राहिला हे त्या भाड्यातलेच एक कलम होय. तरी जी मुलगी आश्रमात आली नसती तर माजघरातच राहिली असती, तिच्या बाजूने पाहू गेल्यास हा सौदा आतबट्ट्याचा ठरत नाही.

पुण्यात 1897 पासून प्लेगने जो धुमाकूळ मांडला त्यापायी शहरातील वस्ती पुनःपुन्हा उठत होती. आश्रमालाही शहर सोडण्याची पाळी आली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास 750 रुपये दिले, आणि 1900 साली आश्रम तेथे गेला. आजच्या कर्वेनगरातून जाणाऱ्यांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणणे अवघड जाईल. शहरापासून सुमारे चार मैलांवर एक उघडा माळ. धड रस्ता नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर घरात येणारी धूळ. आणि रात्री शेजारपाजार म्हणावे तर कोल्हे. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत, संध्याकाळी लागेल तो किराणा नि भाजीपाला पाठीशी घेऊन चालत हिंगण्यास जात, तेथील स्त्रियांना शिकवीत, रात्री तेथेच पडत आणि सकाळी उठून पुन्हा पुण्याची वाट धरीत. या क्रमाला मी पराक्रम म्हणणार नाही. पराक्रम एकदा करावयाचा असतो, आणि त्याची वार्ता होते. हे रोज करावयाचे होते आणि त्याची वार्ता होण्यासारखे त्यात काही नव्हते. प्लेगने शहरातून हुसकले, ही आपत्ती. पण माळावर गेल्यामुळे शहरातील कुचाळक्यांपासून संस्था दूर पडली, मुलींना मोकळ्या हवेत हिंडता आले, आणि पुढे इमारती वाढविण्यास जमीन हाताशी राहिली. हे सारे कर्व्यांनी आधीच योजिले होते असे म्हणणे म्हणजे चरित्रकाराचा भाबडेपणा होईल. जागा मिळाली ती घेतली, आणि घेतल्यावर तिच्यात काय काय आहे ते एक एक करून धुंडाळले.

आता ज्या व्यक्तीविषयी बोलण्यासाठी मी हा विषय पत्करला, तिच्याकडे येतो. कर्वे हिंगण्यास रात्री मुक्काम करीत त्या वेळी बाया कोठे होत्या? त्या पुण्यात होत्या, मुलांसह. आश्रमात त्यांना राहणे शक्य नव्हते. कारण त्या पुनर्विवाहिता, आणि त्यांच्या पंक्तीला विधवा बसल्या अशी वदंता उठली असती तर जुन्या वळणाच्या पालकांनी दुसऱ्याच दिवशी मुली नेल्या असत्या. नवऱ्याने विधवांसाठी उभारलेल्या घरात, ज्या विधवेशी त्याने लग्न केले तिलाच मज्जाव, अशी ही विलक्षण परिस्थिती होती. त्यात घरी मूल तापाने फणफणलेले असले तरी कर्व्यांची हिंगण्याची खेप चुकत नसे. गाठचा पैसा संस्थेकडे जाई. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी संस्थेच्या नावे करून दिली. विम्याचा कागद म्हणजे त्या काळी मध्यम स्थितीतल्या घरातल्या बाईचा उद्याचा भात. एकदा वैधव्याचा अनुभव घेतलेल्या स्त्रीला त्या कागदाची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

बाया रडल्या, भांडल्या, आणि उठून कामाला लागल्या. नवऱ्याच्या मिळकतीवर भिस्त ठेवता येत नाही हे ध्यानात घेऊन त्यांनी नागपुरास जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले, बिऱ्हाडात विद्यार्थी ठेवून त्यांच्या जेवणाखाण्यावर घरखर्चाची तोंडमिळवणी केली, आणि हे सारे मुलेबाळे सांभाळून. त्यांच्या आठवणी ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध झाल्या आहेत. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ 1915 सालचे. ते आणि हे पुराण शेजारी शेजारी ठेवून वाचावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. एकात संस्थेचा जमाखर्च आहे, तर दुसऱ्यात त्या जमाखर्चात न धरलेल्या रकमांची नोंद. बायांच्या बोलण्याला धार आहे, विनोद आहे, आणि नवऱ्याविषयीच्या अपार आदराला न जुमानता त्याच्या हट्टाचा पंचनामा करण्याचा रोखठोकपणाही आहे. आपल्याकडे थोर पुरुषांच्या पत्नींविषयी ‘त्यांनी मूकपणे साथ दिली’ असे लिहिण्याची वहिवाट पडली आहे. बायांनी साथ दिली, पण मूकपणे मुळीच दिली नाही, आणि त्यांच्या कणखरपणाचे निम्मे मर्म या न गिळलेल्या तक्रारीत आहे, असे माझे मत आहे. तक्रार न करणे म्हणजे धैर्य, ही कल्पना बहुधा ज्यांच्याविरुद्ध तक्रार व्हावयाची त्यांनीच रूढ केलेली असावी.

तिसरी व्यक्ती पार्वतीबाई. जन्म 1870, देवरुखचा. माहेरचे नाव कृष्णा. वयाच्या अकराव्या वर्षी पायाने अधू असलेल्या, गोव्यात कस्टम खात्यात नोकरी करणाऱ्या आठवल्यांशी लग्न, विशीत वैधव्य, झालेल्या मुलांपैकी एकच मुलगा हाती उरलेला. केशवपन झाले, आलवण आले. बहीण पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरात गेलेली. तीच वाट पार्वतीबाईंना मोकळी होती, पण त्यांनी ती स्वतःसाठी नाकारली. हा त्यांचा निर्णय मला पटो वा न पटो, तो त्यांचा होता. सव्विसाव्या वर्षी त्या पुण्यास बहिणीकडे आल्या आणि ज्या वयात त्या काळच्या बायका सुनांच्या स्वागताचे बेत करीत, त्या वयात शिकावयास बसल्या. एवढ्या वयाच्या बाईने शिकणे म्हणजे किती लहानसहान मानहानी गिळणे असते, याची कल्पना करून पाहा. आपल्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान पोरी पाढे धडाधडा म्हणत आहेत, आपल्याला हातचा राहिला की गेला तेच उमगत नाही, आणि संध्याकाळी त्याच पोरींच्या भाकऱ्या थापावयाच्या आहेत. त्या शिकल्या. पुढे वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर यांच्या जोडीने आश्रमाचा भार त्यांनी उचलला. स्वयंपाकघरापासून व्यवस्थापनापर्यंत सारी कामे केली, आणि अखेर जे काम सर्वांत कठीण, ते, म्हणजे वर्गणीसाठी मुलूख पालथा घालण्याचे काम, त्यांच्याकडे आले.

आणि येथे परिस्थितीच्या उपयोगाचा एक असा नमुना दिसतो की तो सांगताना मला किंचित अवघडल्यासारखे होते. डोक्यावर पदर घट्ट ओढलेली, सोवळी, केशवपन केलेली बाई जुन्या वळणाच्या घरात माजघरापर्यंत जाऊ शके. तेथे सुधारकी थाटाच्या स्त्रीला ओसरीवरच थांबविले असते. ज्या चिन्हांनी समाजाने पार्वतीबाईंना हद्दपार केले, तीच चिन्हे त्यांना आत जाण्याचा परवाना ठरली. त्या आत गेल्या, बायकांशी बोलल्या, मुलीला हिंगण्यास पाठवा म्हणाल्या, आणि उठताना पदरात चार आणे का होईना, पाडून घेऊन आल्या. यात कोणाला लबाडी दिसेल. मला त्यात, दुसऱ्याने लादलेले ओझे त्याच्याच दारात उपयोगी पाडण्याचे कसब दिसते. तथापि, त्या त्या चिन्हांतच अडकून पडल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर, ही रूढी वाईट आहे असे आपण मानतो तर ती अंगावर का वागवावी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि केशवपन सोडले. तरुणपणी ते सोडले असते तर लोकांनी बंड म्हणून समजून तरी घेतले असते. प्रौढ वयात, संस्थेच्या प्रतिष्ठित कार्यकर्त्या असताना ते सोडणे म्हणजे आयुष्यभर जमविलेला विश्वास डावावर लावणे होते. कोणत्या वेळी रूढीचा उपयोग करावा आणि कोणत्या वेळी ती टाकावी, याला पंचांगात मुहूर्त सापडत नाही.

त्यानंतर 1918 साली, महायुद्ध अजून संपावयाचे असताना, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी या बाई अमेरिकेस निघाल्या. इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी द्रव्य मिळवावे, हा हेतू. इंग्रजी येत नव्हते म्हणून तर जावयाचे. आणि तेथे ते न येता निभावयाचे कसे? त्यांनी लोकांच्या घरी मोलकरणीचे काम धरले. भांडी घासली, घरे झाडली, दुसऱ्यांसाठी रांधले. स्वतः शाकाहारी, त्यामुळे पानातले काय आपले आणि काय नव्हे हे रोज नव्याने ठरवावे लागे, आजारपणेही काढली. ज्या बाईच्या हाताखाली हिंगण्यास आश्रमाचा कारभार चालत होता, ती परदेशात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबून मालकिणीच्या तोंडची वाक्ये कानांत साठवीत होती. मोलकरणीच्या कामाचा तिला कमीपणा वाटला नसेल असे मी म्हणत नाही. परंतु आलवण नेसून दिराजावांच्या घरी फुकट राबण्यापेक्षा मजुरी घेऊन राबणे आणि वर एक भाषा पदरात पडणे, हा हिशेब त्यांना चुकीचा वाटण्याचे कारण नव्हते. 1920 साली त्या परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र 1928 मध्ये निघाले आणि दोनच वर्षांनी जस्टिन ॲबट यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. आज ते पुस्तक किती घरांतून आढळते हा प्रश्न मी विचारीत नाही. उत्तर आपणां सर्वांस ठाऊक आहे.

या तिघांची हकिगत शेजारी मांडली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिघांच्या धैर्याचा घाट निरनिराळा आहे. कर्व्यांचे धैर्य शांत, जवळजवळ बधिर म्हणावे इतके एकसुरी. बायांचे धैर्य भांडकुदळ. पार्वतीबाईंचे हिशेबी आणि प्रयोगशील. मानसशास्त्रावरचे ग्रंथ धीराच्या माणसाची लक्षणे सांगू लागतात तेव्हा मला या तिघांची आठवण होते, कारण त्या कोष्टकात तिघांना एकदम बसविता येत नाही. त्यांच्यात समान असे जे काही आहे ते स्वभावात नसून कामाच्या पद्धतीत आहे. संकट अख्खे अंगावर घेऊन त्याच्याशी झोंबी करीत बसावयाचे नाही. त्यातला आज संध्याकाळपर्यंत उरकेल एवढा तुकडा मोडून घ्यावयाचा आणि बाकीचे दुसऱ्यावर, दुसऱ्या दिवसावर किंवा दुसऱ्या गावावर टाकावयाचे. विधवांचा प्रश्न सोडविणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. हिंगण्यास तांदूळ पोहोचविणे आवाक्यातले होते. चार मैलांची वाट आणि एक पिशवी, एवढ्यात ते बसत होते.

दुसरी समान गोष्ट अशी की यांपैकी कोणीही एकटे नव्हते. एकाकी झुंजणाऱ्या वीराचे चित्र आपल्याला फार आवडते, आणि पुतळेही एकट्याचेच उभारता येतात. पण कर्व्यांना हिंगण्यास रात्र काढता आली ती बाया घरी होत्या म्हणून. बायांना नागपुरास जाता आले आणि संसार ओढता आला त्यात भावंडांचा नि स्नेह्यांचा हात होता. पार्वतीबाईंना शिकता आले ते बहिणीच्या घराने दार उघडले म्हणून, आणि त्या अमेरिकेत भांडी घासत असताना आश्रमाचा कारभार बंद पडला नाही तो काशीबाई-वेणूबाईंसारख्यांनी लावलेल्या शिस्तीमुळे. शारदासदन नसते तर गोदूबाई अक्षरही न गिरवता नातूंच्या घरातच राहिल्या असत्या, आणि मग या हकिगतीला तोंडच फुटले नसते. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्राने त्यांना जी वागणूक दिली तिची लाज वाटण्याइतका काळ आता लोटला आहे. हिंगण्याच्या गौरवात त्यांच्या सदनाचा वाटा न धरणे हा तर निव्वळ कृतघ्नपणा होईल.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1907 मध्ये महिला विद्यालय, 1908 मध्ये निष्काम कर्म मठ, 1916 मध्ये महिला विद्यापीठ, आणि 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेली 15 लाखांची देणगी. या देणगीचा उल्लेख करताना पुष्कळांचा सूर असा लागतो की जणू तपश्चर्येला फळ आले आणि कथा संपली. कर्व्यांच्या लेखी ती संपली नव्हती. 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले आणि पुन्हा वर्गणीची झोळी काखेला लावली. 15 लाखांची देणगी पाहिलेला माणूस आता पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार जाऊन आणे नि रुपये गोळा करीत होता. पुढे 1944 मध्ये समता संघ काढला. 1958 मध्ये, वयाची शंभरी भरली त्या वर्षी, भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी ते गेले. बाया त्यांच्या बारा वर्षे आधी, 1950 मध्येच गेल्या होत्या, आणि पार्वतीबाई 1955 मध्ये.

आपल्यासमोर आज निराळ्या आपत्ती आहेत. पाऊस दगा देतो, नोकऱ्या जातात, घरातील कर्ते माणूस अंथरुणाला खिळते, आणि मग आपण त्या घराला धीराचे चार शब्द सांगावयास जातो. जावे, त्यात वावगे काही नाही. मात्र सहा एकर माळ आणि 750 रुपये देणारे गोखले हे त्या वेळी धीराचे शब्द सांगून परतले असते, तर आज मला बोलावयास विषय उरला नसता. आणि संस्थांच्या चालकांना, ज्यांच्यापैकी काही या सभागृहात बसले आहेत, माझी एक दरखास्त आहे. आपापल्या संस्थांची दप्तरे उघडा, आणि स्थापनेच्या वर्षांतील किराणाच्या, दुधाच्या, टांगाभाड्याच्या वह्या अजून कोणी रद्दीत घातल्या नसतील तर त्या जपून ठेवा. संस्थापकांची भाषणे छापील आहेत, ती कोठेही जात नाहीत. तांदूळ कोणी आणला, तो कोणी निवडला आणि त्या दिवशी घरी कोणाचे मूल आजारी होते, हे मात्र त्या वह्यांतून आणि बायांसारख्यांनी बोलून ठेवलेल्या आठवणींतूनच कळते. त्या वह्यांना वाळवी लागावयास एक पावसाळा पुरे होतो.